चिमुकल्याला बालनाट्याला नेताय? या चुका टाळा

दीड ते तीन वर्षांचं मूल नाटकाला नेलं आणि दहाव्या मिनिटाला रडत बाहेर आणावं लागलं, की खापर फुटतं नाटकावर, नाहीतर "आमचं पोर फार हट्टी" म्हणून पोरावर. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. गडबड तिकीट काढतानाच झालेली असते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक वेळेची. दीड वर्षानंतर बहुतेक मुलं दिवसातून एकदाच झोपतात, तीही दुपारी. आईबाबांना सोयीचा म्हणून नेमका त्याच वेळेचा प्रयोग निवडला जातो आणि वर "जाताना गाडीत झोपेल की" असा हिशेब असतो. ते झोपतंही, पण पोहोचायच्या पंधरा मिनिटं आधी. मग दारात त्याला गदागदा हलवून उठवायचं आणि डोळे चोळत असतानाच अंधारात नेऊन बसवायचं. अर्धवट झोपेतून उठवलेलं मूल अजिबात न झोपलेल्या मुलापेक्षा जास्त चिरचिर करतं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला झोप लागते दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास. नाटकाच्या दिवशी त्यात काटछाट करू नका. सकाळचा प्रयोग असेल तर डोळे मिटून तोच घ्या. दुपारनंतरचाच मिळाला, तर झोपून उठल्यावर किमान एक तास आणि थोडंसं खाणं मध्ये गेलं पाहिजे. हे जुळत नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. नाटक पुन्हा लागतं.

लांबीचंही तसंच. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मुद्दाम बसवलेले प्रयोग साधारण ३० ते ४५ मिनिटांचे असतात, ते उगाच नाही. दोन अंकी, दोन तासांचं नाटक सात वर्षांच्या ताईसाठी असतं. तिच्यासोबत धाकट्याला न्यायचंच असेल तर दोन मोठी माणसं जा आणि मध्यंतरात एकाने धाकट्याला घेऊन निघायचं, हे घरूनच ठरवून जा.

आता खुर्च्या. "पहिली रांग, अगदी मधोमध!" अशी बढाई ऐकली की पुढचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, कारण ते जवळजवळ प्रत्येक प्रयोगात दिसतं. दिवे एकदम मालवतात, मोठ्या स्पीकरमधून धडाम् संगीत सुरू होतं आणि पोरगं किंचाळतं. बाबा म्हणतात, "थांब, आत्ता अस्वल येईल." अस्वल येतं. घरी पडद्यावर तळहाताएवढं दिसणारं हे लाडकं अस्वल इथे बाबांपेक्षा उंच असतं, त्याचे डोळे मिटत नाहीत, तोंड हलत नाही आणि ते थेट पहिल्या रांगेपाशी येऊन हात पुढे करतं. मूल आता बाबांच्या गळ्यात चढलेलं असतं. बाहेर जायचं तर दोन्हीकडे दहा-दहा जोडी गुडघे. म्हणून बाबा बसून राहतात, आई बाटली पुढे करते, मागची मुलं उभी राहतात आणि पाच मिनिटांत तिसऱ्या रांगेतली दोन पोरंही सूर लावतात. शेवटी निघावं लागतंच, फक्त तोवर मुलाच्या डोक्यात नाटक म्हणजे भीती हे पक्कं झालेलं असतं.

म्हणून कडेची खुर्ची घ्या, मधल्या वाटेला लागून, दारापासून जवळ, निम्म्या अंतरावर किंवा थोडी मागे. स्पीकर बहुधा रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्या सरळ रेषेतली जागा टाळा. बाल्कनी नकोच, कठड्यावर चढणाऱ्या मुलाला धरून ठेवण्यात कसलं आलंय नाटक. आपोआप मिटणाऱ्या खुर्चीत दहा-बारा किलोचं मूल पाय वर होऊन अडकतं. तेव्हा मांडीवर घ्या किंवा नाट्यगृहात उंच उशी मिळते का ते विचारा.

रडणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटात उठायचं. "होईल शांत" हा आशावाद अंधारात चालत नाही. बाहेर उजेडात पाणी द्या, चार फेऱ्या मारा, मग दार किलकिलं करून उभ्यानेच दाखवा. यातली बरीच मुलं दारातून अख्खं नाटक बघतात आणि खूश असतात. बाहेर आल्याबरोबर हातात मोबाइल देणाऱ्यांनी मात्र परत आत जाण्याची आशा सोडावी.

आवाजाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. प्रौढ कामगारांसाठीसुद्धा ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास. साधी खूण सांगायची तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की आवाज जास्त आहे. कापसाचे बोळे जवळजवळ काहीच अडवत नाहीत आणि कानात घालायचे छोटे प्लग मुलं तोंडात घालतात. बाहेरून कान झाकणारे मुलांचे इअरमफ घ्या, आणि आठवडाभर आधी घरात रोज पाच मिनिटं खेळ म्हणून घालायला लावा. प्रयोगाच्या दिवशीच पाकीट फोडलं तर तिसऱ्या मिनिटाला ते जमिनीवर असतील.

अंधाराचीही तालीम करता येते. खोलीतला दिवा बंद करायचा, मांडीवर घेऊन दहा आकडे मोजायचे, दिवा लावून टाळ्या वाजवायच्या. दोन-तीन दिवस पुरे. पात्रांचे फोटो दाखवा आणि "आत माणूस आहे, त्याने कपडे घातलेत" हे स्पष्ट सांगा. गंमत जाईल म्हणून ते लपवणाऱ्यांना या वयाची मुलं कळलेली नाहीत. जायचं आहे हे मात्र आदल्या दिवशीच सांगा, आठवडाभर आधी सांगून रोज "आज?" ऐकण्यात काही फायदा नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पी-पी वाजणारे बूट घरी ठेवा. चमकणारी कांडी आत जाताना नव्हे, घ्यायचीच तर निघताना घ्या. पॉपकॉर्न आणि शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलाला नकोत, अंधारात हसताना तर मुळीच नाहीत, घशात अडकतात. पातळ स्वेटर ठेवा. डायपर दार उघडण्याआधी बदला आणि मध्यंतराच्या दहा मिनिटं आधीच स्वच्छतागृह गाठा, नंतर रांग लागते. तिथलं हात वाळवायचं यंत्र दिसलं तर दूर राहा, त्याच्या घोंघाटाने शांत मूलही बिथरतं.

फार लवकर पोहोचणं हीसुद्धा चूकच. खुर्चीत तीस मिनिटं वाट पाहण्यातच मुलाचा सगळा धीर संपतो. पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा, बाहेर पळू द्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत आत शिरा.

नाटक संपल्यावर पात्रांसोबत फोटोसाठी झुंबड उडते. रडणाऱ्या मुलाला अस्वलाच्या कडेवर कोंबू नका. आपण गुडघ्यावर बसा, मुलाला जवळ धरा, चार पावलांवरून हात हलवू द्या. ते स्वतःहून पुढे सरकलं तर फोटो, नाही सरकलं तर टाटा करून घरी.