सीईटीच्या गणिताची उत्तरे ताडून पाहताना या चुका टाळा

एमएचटी-सीईटी या राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात आणि प्रश्न मात्र ५० च, म्हणजे प्रत्येकी २ गुणांचे. केंद्राच्या फाटकाबाहेर पाऊल पडताच ‘त्या इंटिग्रेशनचे तुझे काय आले?’ असे विचारले जाते, यात नवल नाही. उत्तरे ताडूनच पाहू नयेत असा उपदेश येथे करायचा नाही, कारण तो कोणी पाळत नाही. मात्र ताडण्याची रीत चुकली, तर बरोबर सोडवलेल्या प्रश्नावरही विद्यार्थी रात्रभर हळहळत बसतो.

सर्वांत साधी चूक म्हणजे पर्यायाचे अक्षर विचारणे. ‘मी सी निवडला, तू बी कसा?’ या वादाला अर्थ नसतो, कारण संगणकावरील परीक्षेत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक वेगळा असू शकतो. विचारायचेच असेल, तर पर्यायात लिहिलेले उत्तर विचारावे. त्याआधी समोरचा आपल्याच दिवसाच्या आणि आपल्याच सत्राच्या परीक्षेला बसला होता ना, हेही पाहावे. परीक्षा अनेक दिवस चालते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. क्लासच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र सगळ्या सत्रांचे प्रश्न एकत्र कालवले जातात.

गणितात खरा घोटाळा होतो तो उत्तराच्या रूपामुळे. समजा, साइन एक्स आणि कॉस एक्स यांच्या गुणाकाराचे इंटिग्रेशन विचारले होते. एकाने साइन एक्सला टी मानले आणि त्याचे उत्तर साइन वर्ग एक्सच्या निम्मे आले. दुसऱ्याने कॉस एक्सला टी मानले, तर त्याला ऋण चिन्हासह कॉस वर्ग एक्सच्या निम्मे मिळाले. तिसऱ्याने दुहेरी कोनाचे सूत्र वापरले आणि तो ऋण कॉस २एक्स भागिले ४ येथे पोहोचला. तिघेही बरोबर आहेत, कारण या उत्तरांमधील फरक केवळ स्थिर संख्येचा आहे आणि शेवटी लिहिलेला स्थिरांक ‘सी’ तो पोटात घेतो. पर्यायांमध्ये यांपैकी बहुधा एकच रूप दिलेले असते. ते ओळखून योग्य पर्याय निवडलेल्या मुलालाही बाहेर आल्यावर आठवते ते कच्च्या कामातले रूप, आणि मित्राचे निराळे ऐकून त्याचा धीर सुटतो. अशा वेळी दोन्ही उत्तरांचे डेरिव्हेटिव्ह काढून पाहावे. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. त्रिकोणमितीय समीकरणाच्या सामान्य उकलीतही हेच घडते. साइन एक्स बरोबर १/२ असताना एकाने एकच सूत्र लिहिले आणि दुसऱ्याने पाय/६ व ५पाय/६ यांत २एनपाय मिळवून दोन ओळी लिहिल्या, तरी उकलींचा संच तोच असतो. एनला ०, १, २ या किमती देऊन ताळा करावा.

दुसरा मोठा घोटाळा स्मरणशक्तीचा. कच्च्या कामाचा कागद हाताशी नसतो, त्यामुळे वाद घालणारे दोघे पुष्कळदा दोन वेगळे प्रश्न सोडवत असतात. वरचेच समीकरण ० ते २पाय या अंतरात सोडवले तर २ उकली मिळतात, ० ते ३पाय या अंतरात ४. पाच लाल व तीन काळ्या चेंडूंतून दोन चेंडू काढल्यास दोन्ही लाल असण्याची संभाव्यता पहिला चेंडू परत ठेवला तर २५/६४ आणि न ठेवला तर ५/१४ येते. ‘परत न ठेवता’ हे तीन शब्द आठवले नाहीत, तर तासभर वाद घालूनही हाती काही लागत नाही.

येथेच बहुमताचा मोहही आवरावा. चौघांचे उत्तर २५/६४ आले म्हणून ते बरोबर ठरत नाही. प्रश्न काढणारा मुद्दाम नेहमीच्या चुकांतून निघणारी उत्तरेच पर्यायांत ठेवतो, त्यामुळे चुकणारे सगळे एकाच पर्यायावर येऊन थांबतात.

गुणांची बेरीज करताना जेईईची सवय बाजूला ठेवावी. जेईई मेनमध्ये ४ गुणांच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण वजा होतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला वजावट नाही. आलेल्या गुणांवरून दुसऱ्या सत्रातील मैत्रिणीशी तुलना करणेही व्यर्थ आहे, कारण निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर आपल्याच सत्रातील ९० टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एकूण पर्सेंटाइलही एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढला जातो. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून तो मिळत नाही.

एवढे असूनही चूक नेहमी विद्यार्थ्याचीच असते असे नाही. २७ एप्रिल २०२५ रोजी एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. आपले उत्तर कोणत्याच पर्यायाशी जुळत नसेल, तर त्याच संध्याकाळी प्रश्न आठवेल तसा लिहून पूर्ण उकल मांडून ठेवावी आणि राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकातील संबंधित सूत्राचे पान नोंदवावे. पुढे लॉगिनमध्ये प्रश्नपत्रिका, आपण नोंदवलेली उत्तरे आणि उत्तरतालिका दिसू लागल्यावर आधी आपण खरोखर कोणता पर्याय नोंदवला होता ते पाहावे, आणि मगच ठरलेल्या मुदतीत आक्षेप घ्यावा. आक्षेपाला प्रश्नागणिक शुल्क पडते, आणि दुरुस्त झालेली उत्तरतालिका त्या सत्रातील सर्वांना लागू होते. म्हणून एकाच सत्रातील चार मित्रांनी त्याच प्रश्नावर चार वेळा पैसे भरण्यापेक्षा ज्याची उकल सर्वांत नेटकी आहे त्याच्या लॉगिनमधून आक्षेप नोंदवावा आणि शुल्क वाटून घ्यावे.