क्षेपणास्त्राच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: प्रकल्प बंदही पडतो

संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा पुण्यातल्या पाषाणची असो की हैदराबादची, रुजू होताना प्रत्येकाला वाटतं, आपलं क्षेपणास्त्र सैन्यात दाखल होणार. होईलच असं नाही. हे आधीच ऐकून ठेवा.

1972 मध्ये 'डेव्हिल' हा प्रकल्प सुरू झाला. सोव्हिएत एसए-2 क्षेपणास्त्र उलगडून तसंच जमिनीवरून हवेत मारा करणारं अस्त्र करायचं होतं. 1980 ला तो थांबला. नकलेतून ड्रॉइंग मिळतं, पण तिथे तोच टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, का दिला, हे कळत नाही. म्हणून आयता ऑटोपायलट कोड उचलून प्रोजेक्ट दाखवणाऱ्या मुलांचा मला राग येतो. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच गाडी अडते.

तरी 'डेव्हिल'मधलं द्रव इंजिनाचं ज्ञान 'पृथ्वी'ला उपयोगी पडलं. 1988 मध्ये 'पृथ्वी' उडालं.

मग 'त्रिशूल'. 1983 च्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमातलं, नऊ किलोमीटर पल्ल्याचं. तिन्ही दलांना ते हवं होतं, आणि नौदलासाठी तर समुद्राला लगटून येणारं क्षेपणास्त्र पाडायचं होतं. चाचण्या झाल्या, वर्षं गेली, नौदलाने इस्रायलचं 'बराक' घेतलं. 2008 मध्ये 'त्रिशूल' अधिकृतपणे गुंडाळलं.

आता खरा खड्डा, ज्यात मीही पडलो. आमचं काम थांबलं तेव्हा फायली कपाटात गेल्या. पुढे दुसऱ्या गटाला त्यातली एक जोडणी हवी होती. अहवालात लिहिलं होतं: 'कनेक्टर बदलला, चाचणी समाधानकारक.' का बदलला? कंपनामुळे? तापमानामुळे? पिन सैल होती? एक ओळ नव्हती. ज्यांना ठाऊक होतं ते निवृत्त झालेले. सगळी चाचणी पुन्हा करावी लागली. तेव्हा निकालाशेजारी कारण लिहा. नाकारलेला पर्याय लिहा. नाकारला का, तेही लिहा. साहेब म्हणतील, एवढं कशाला? तरी लिहा.

मार्गदर्शक शोधताना पदाकडे बघू नका. टेस्ट बेंचवर उभा राहणारा जुना तंत्रज्ञ गाठा, त्याच्याकडून जास्त शिकाल.

आणि घाबरू नका. 'त्रिशूल'बरोबरच मंजूर झालेलं 'आकाश' 2015 मध्ये लष्कर आणि हवाई दलात दाखल झालं. त्याच्या लाँचरमागे पुण्याच्या दिघीतल्या प्रयोगशाळेचं काम आहे. बायोडाटामध्ये प्रकल्पाचं नाव खाली टाका. वर लिहा की तुम्ही पंख हलवणारा ॲक्च्युएटर केलात, की लक्ष्य हेरणारा सीकर, की प्रणोदक म्हणजे इंधन.