थीसिसला चाळ घेताय? मग एकदा रात्री जाऊन या

बी.आर्कच्या (आर्किटेक्चरच्या पदवीच्या) पाचव्या वर्षी थीसिसला चाळीचं नाहीतर झोपडपट्टीचं रिडेव्हलपमेंट दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच, मी वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी घेतल्या आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडताना, दहा मिनिटांत आडवा झालो.

1920 च्या दशकातल्या चाळी, तळमजला अधिक तीन, मधे लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या, संडास सार्वजनिक. टेप घेऊन तीनदा गेलो, मेजर्ड ड्रॉइंग (जागेवर मापं घेऊन काढलेले नकाशे) एकदम परफेक्ट. पण तिन्ही वेळा सकाळी अकराला! माणसं कामावर, पोरं शाळेत, व्हरांडा रिकामा, मग माझ्या डोक्यात तो नुसता पॅसेज झाला. टॉवरमधे दीड मीटरचा बंद कॉरिडॉर काढला, 22 व्या मजल्यावर हिरव्या रंगात 'कम्युनिटी स्पेस' लिहिलं आणि मोकळा झालो. ज्युरीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "व्हरांड्यात रात्री कोण झोपतं?" मला माहीतच नव्हतं.

इथेच सगळे फसतात म्हणून परत सांगतो, प्लॅनमधे भिंती दिसतात, वेळ दिसत नाही. नंतर रात्री गेलो तर दारं सताड उघडी, एक मुलगी ट्यूबखाली अभ्यास करतेय, पलीकडे दोघांनी अंथरूण टाकलेलं. खोलीत मावत नाही ते सगळं बाहेर. म्हणजे घर 160 फुटांचं नाहीच, व्हरांडा धरून मोजायला हवं होतं. एकच प्लॅन तीनदा काढा, पाणी येतं तेव्हाचा, दुपारचा, रात्रीचा, कोण कुठे बसलंय ते दाखवत. कंटाळा येतो, पण याला शॉर्टकट नाही. आणि रेंडरमधे (इमारत कशी दिसेल त्या कॉम्प्युटरच्या चित्रात) फुगे घेतलेली गोरी पोरं टाकणं बंद करा प्लीज.

थीसिसचा गाइड मोठ्या नावाचा नको, साइटवर सोबत येणारा बघा.

घाबरू नका, मीही दुसऱ्या ज्युरीत पास झालोच. पण मधल्या काळात व्हरांड्याच्या इतका प्रेमात पडलो की तिथल्या एका आजींनी सुनावलं, "एवढा आवडला तर तू राहा इथं, मला घरात संडास दे." आता तिथे 500 फुटांची घरं मिळतायत, त्यांचं काय चुकलं?

नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची 1980 च्या दशकातली वसाहत बघून या. सातेक घरांना मिळून एक अंगण, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे घर वाढवायला मोकळीक. सगळे मूळ घरांचेच फोटो काढतात, तुम्ही लोकांनी वर चढवलेले मजले काढा. आणि कुणी चहा विचारला तर नाही म्हणू नका, माझी सगळी खरी माहिती तिथेच मिळाली.