वाडीच्या ग्रुपवर औषध आलं की या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बचत गटाच्या मीटिंगला एक काकी चूर्णाचं पाकीट घेऊन आल्या. ‘महिन्यात साखर मुळापासून बंद.’ वर म्हणाल्या, “सरकारमान्य आसा गो, ह्यो बघ नंबर.”

नंबर खरा होता, १४ आकडी. पण तो एफएसएसएआयचा, म्हणजे खायचे पदार्थ करून विकायच्या परवान्याचा. तसलाच नंबर फरसाणाच्या पुडीवरही असतो. चूर्णाने साखर उतरते का, हे त्यावरून कळत नाही. उलट, ‘मधुमेह बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ‘मुळापासून’ वाचलं की मी आधी विचारते, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? काकी गप्प. आठ दिवस बंद होत्या.

दुसरी चूक, पाठवणाऱ्यावर भिस्त ठेवणं. ‘मुंबईच्या भाच्यान धाडल्यान’ म्हटलं की विषय संपतो. भाचा गुणाचा असेल, पण लिहिलं त्याने नाही. मूळ कुणाचं, कधीचं, आणि शेवटी विक्रीचा फोन नंबर आहे का, ते बघा. नुसतं ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ असेल तर ते निनावी पत्रच समजा.

शोधतानाही आपण गंमत करतो. ‘कोकमाने पित्त बरं होतं का’ असं विचारलं की ‘होतं’ म्हणणारेच आधी भेटतात. नुसतं ‘पित्त, उपचार’ टाका.

आता साप. घट्ट बांधा, चिरा द्या, रक्त चोखून काढा, हे आमच्या पिढीने प्रथमोपचार म्हणून ऐकलेलं, आणि ग्रुपवर ते दर जूनला नव्याने उगवतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. त्यावर ब्लेड मारलं तर वाहणारं रक्त थांबणार कसं? आवळून बांधलं तर हातपाय जायची भीती वेगळीच. अंगठी, बांगड्या काढा, चावलेला भाग हलवू नका, १०८ ला फोन करा. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आणि ते दवाखान्यातच मिळतं, मांत्रिकाकडे नाही.

लावणीच्या दिवसांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत, तर मोबाईल ठेवा आणि आरोग्य केंद्र गाठा. ‘चिखलात काम केलंय’ हे न विचारताही सांगा, म्हणजे डॉक्टर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार करतील. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. गरोदर बाईला आणि लहान मुलांना त्या चालतीलच असं नाही.

अडलं तर आशाताई आहेत, १०४ ही राज्याची आरोग्य हेल्पलाइन आहे. ग्रुपवर चुकीचं दिसलं तर गुपचूप डिलीट करू नका, त्याच्याच खाली खरं काय ते लिहा. भांडण होईल थोडं, होऊ दे.

काकींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पाकीट मात्र फडताळातच आहे. तीनशे रुपये गेलेत, म्हणतात, टाकवत नाय.