सोनटक्का बियांपासून वाढवताना

नुसती सुवासिक फुलं हवी असतील तर बियांच्या भानगडीत पडू नका. डोळा असलेला कंदाचा तुकडा पावसाच्या तोंडावर लावला की काम झालं. बी पेरायचं ते संकर करून, म्हणजे दोन जातींचा मेळ घालून, नवा रंग मिळवायला, कारण संकराची रोपं एकासारखी एक निघत नाहीत.

बागेतल्या सोनटक्क्याला बोंडं क्वचितच धरतात. फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचं परागीभवन लांब सोंडेचे निशाचर पतंग करतात. ते फिरकले नाहीत तर फूल तसंच गळतं. म्हणून हे काम हाताने करावं. फुलाला पुंकेसर (परागकण धरणारा नर भाग) एकच. त्याच्या खोबणीतून कुक्षिवृंत (मादी भागाची बारीक दांडी) वर येतो आणि टोकाला कुक्षीचा, म्हणजे परागकण धरून घेणाऱ्या टोकाचा, हिरवट ठिपका दिसतो. दुसऱ्या जातीच्या, उदाहरणार्थ केशरी फुलाच्या, ताज्या परागकणांची थोडीशी पूड मऊ ब्रशने त्या ठिपक्यावर लावा. फुलाला दोरा बांधून खूण करा. प्रत्येक जोडी जमेलच असं नाही, तेव्हा दहा-बारा फुलांवर तरी प्रयत्न करा.

बोंड पिकलं की तीन फाकांत उकलतं. आत केशरी अस्तर आणि लालभडक गरात बिया. पक्षी टपलेले असतात, म्हणून उकलायच्या आधी बोंडावर मलमलची पुरचुंडी बांधा.

गर पूर्ण काढायलाच हवा, राहिला तर बुरशी येते. बिया चाळणीत वाळूबरोबर चोळून धुवा, 24 तास कोमट पाण्यात भिजवा आणि लगेच पेरा. वाळवून ठेवलेल्या बिया हळूहळू उगवणशक्ती गमावतात.

पेरायला माध्यम म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडसर वाळू 1:1. बी अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रेवर प्लास्टिक, तापमान 22 ते 28 अंश. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री ट्रे घरात घ्या, नाहीतर बी नुसतं पडून राहतं. कोंब तीन ते सहा आठवड्यांत दिसतात, पण सगळे एकदम नाहीत. न उगवलेल्या बियांचा ट्रे तीन महिने तरी टाकून देऊ नका.

रोपं बुडाशी सडून आडवी पडत असतील तर पाणी जास्त झालंय. मूठभर माध्यम दाबून पाणी ठिबकलं तर ते जास्त ओलं आहे. प्लास्टिक काढा, पाणी खालून ताटलीत द्या. तीन-चार पानं झाली की पाच इंची कुंडीत शेणखत घालून लावा, दुपारचं ऊन टाळा. फुलं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात.