‘झिरो कोलेस्टेरॉल’ वाचून भुलू नका

वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, मग बाटलीवर ‘झिरो’ छापण्यात कसलं कौतुक? बिस्किटं असोत वा तेल, मागची बाजू बघा आणि ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ शोधा. हे फॅट जास्त झालं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, नीट उचलून घेत नाही. ते साचत राहतं आणि रक्तवाहिन्यांना त्रास सुरू होतो. खाऊच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त आकडा असेल, तर तो पदार्थ रोजचा नको. तेलांना मात्र ही फूटपट्टी लावू नका, सगळीच नापास होतील! तिथे दोन बाटल्या शेजारी धरून कमी आकड्याची घ्या. घटकांत ‘हायड्रोजनेटेड’, म्हणजे हायड्रोजन वापरून घट्ट केलेलं तेल, दिसलं तर पाकीट सरळ परत ठेवा.