टेस्टोस्टेरॉन चालू असताना छाती वाढायला लागली तर काय करायचं

टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन किंवा जेल चालू झाल्यावर काही जणांना निपलखाली दुखायला लागतं, शर्ट घासला तरी झोंबतं, आणि हात लावला की आत चकतीसारखं काहीतरी लागतं. लाजेपोटी माणसं हे बायकोलासुद्धा सांगत नाहीत आणि जिममधला कोणीतरी सांगेल ती गोळी आणून खातात. अहो लाजू नका, गोळीचीही घाई करू नका, पण डॉक्टरकडे जायला मात्र उशीर लावू नका, कारण सुरुवातीच्या महिन्यांत हे जितकं आटोक्यात येतं तितकं नंतर येत नाही.

आधी घरी तपासा. उताणं झोपा, एक हात डोक्याखाली घ्या, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू निपलकडे आणा. मध्येच रबरासारखी चकती अडली तर ती ग्रंथी, म्हणजे खरा गायनेकोमास्टिया, आणि निपलपर्यंत काहीच न अडता मऊ मऊच लागलं तर बहुतेक नुसती चरबी. चरबी असेल तर वजन उतरवल्यावर कमी होते, ग्रंथी मात्र कितीही पुशअप्स मारले तरी जात नाही. एकदा बघितलं की बास, रोज दाबत बसलात तर आणखी दुखेल.

गाठ दगडासारखी कडक असेल, निपलच्या मधोमध नसून बाजूला असेल, निपल आत ओढलं गेलं असेल, रक्त येत असेल, कातडी खेचल्यासारखी दिसत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून लगेच सर्जन गाठा. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये साधारण एक पुरुष असतो, त्यामुळे पुरुषांना होतच नाही असं धरून चालू नका. पुरुषांचीही मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी होते, आणि कॅन्सर निघाला तर टेस्टोस्टेरॉन बंदच करावं लागतं.

आता हे होतं का, तर अरोमाटेझ नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग इस्ट्राडिओलमध्ये, म्हणजे बायकांमध्ये जास्त असणाऱ्या हार्मोनमध्ये, बदलतं आणि हे काम चरबीत जास्त चालतं, म्हणून पोट सुटलेल्यांना हा त्रास जास्त. त्यात आपल्याकडे बऱ्याच जणांना २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दोनतीन आठवड्यांनी एकदम मिळतं, मग पहिले काही दिवस लेव्हल एकदम वर जाते, इस्ट्राडिओलही तिच्यामागे चढतं, आणि शेवटी शेवटी माणूस गळून जातो. म्हणून डॉक्टरांना सगळ्यात आधी डोसबद्दल विचारा. दोन आठवड्यांनी १५० ते २०० घेण्यापेक्षा दर आठवड्याला ७५ ते १०० मिलिग्रॅम घेतलं तर हे चढउतार कमी होतात, बऱ्याचदा जेलवर आल्यानेही फरक पडतो. पण डोस स्वतःच्या मनाने बदलू नका किंवा एकदम बंदही करू नका, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन चालू असताना शरीराचं स्वतःचं उत्पादन दबलेलं असतं, आणि ते परत सुरू व्हायला वेळ लागतो.

तपासणीला रक्त कधी दिलं यावर रिपोर्टचा अर्थ ठरतो. इनॅन्थेटचं, म्हणजे काही आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असेल तर दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या काळात द्या, तीन महिने टिकणारं अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी. इस्ट्राडिओलची टेस्ट शक्यतो एलसी-एमएस नावाच्या जास्त अचूक पद्धतीने करून घ्या, साधी टेस्ट पुरुषांच्या कमी लेव्हलला नीट पकडत नाही. सोबत प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), थायरॉइड, लिव्हर, किडनी आणि हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट आहे ते), आणि वृषणांची तपासणी, कारण तिथल्या गाठीमुळेही छाती वाढू शकते.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या, म्हणजे अगदी सगळ्या. बीपी-सुजेसाठीचं स्पायरोनोलॅक्टोन, केसांसाठीचं फिनास्टराइड, बुरशीवरच्या किटोकोनाझोलच्या गोळ्या, यांनीही हे होतं, शिवाय टेस्टोस्टेरॉनसोबत एचसीजीची (वृषणांना काम करायला लावणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं चालू असतील तर इस्ट्राडिओल आणखी चढतं. दारू आणि जिममध्ये मिळणाऱ्या बिनलेबलच्या पावडरी पण लपवू नका.

डोस नीट करूनही दुखणं आणि वाढ थांबत नसेल तर डॉक्टर टॅमॉक्सिफेन देऊ शकतात, साधारण रोज १० ते २० मिलिग्रॅम, तीनेक महिने. हे मुळात स्तनाच्या कॅन्सरचं औषध, याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि टेस्टोस्टेरॉनने रक्त आधीच दाट झालेलं असू शकतं, म्हणून हे मेडिकलमधून आणून खायचं औषध नाही. जिममध्ये ज्याचं नाव जास्त घेतात ते अ‍ॅनास्ट्रोझोल इस्ट्राडिओल खाली आणतं खरं, पण तयार झालेल्या ग्रंथीवर त्याचा विशेष उपयोग दिसत नाही, आणि इस्ट्राडिओल फार खाली गेलं की सांधे दुखतात, कामेच्छा मरते, हाडं ठिसूळ होतात. पुरुषाच्या शरीरालाही ते लागतंच हो.

वर्षभर तशीच राहिलेली ग्रंथी तंतुमय होते, मग गोळ्यांनी फारसं काही होत नाही आणि ऑपरेशन उरतं. निपलभोवतीच्या काळ्या गोलाच्या कडेला छोटी चीर देऊन ग्रंथी काढतात, सोबत लायपोसक्शनने चरबी, आणि नंतर काही आठवडे घट्ट बनियन घालावं लागतं. हे करण्याआधी वजन आणि हार्मोनची लेव्हल काही महिने स्थिर असू द्या, नाहीतर परत वाढू शकतं. इन्शुरन्सवाले याला बऱ्याचदा कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, त्यामुळे तारीख घेण्याआधीच डॉक्टरांचं पत्र आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवून लेखी मंजुरी मागून घ्या.